इतर हक्कात सारस

श्यामरावांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे काय होय?"

"अधिवास," रक्षा म्हणाली.

"कोनाचा?"

"पाखराइचा, मोठेबाबा."

बोट तिथंच राहिलं. ओसरीतल्या पंख्यानं कागदाचा वरचा कोपरा फडफडत होता, आणि त्या कोपऱ्यात छापलेला सारस प्रत्येक फडफडीला मान हलवून हो-हो म्हणत असल्यासारखा दिसत होता. श्यामरावांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि आवाज जराही न चढवता बायकोला बातमी दिली.

"आयकलं का व? पाखराइले अधिवास भेटून राहिला."

आत भांडी घासल्याचा आवाज थांबला.

रक्षाला ही शांतता कौतुकाची वाटली. अलीकडं तिला बऱ्याच शांतता कौतुकाच्याच वाटत. डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात ती पाण्यावर नऊ मिनिटं न अडखळता बोलली होती, आणि आपल्याला बोलायची भीती वाटत नाही हा शोध तिला साधारण चौथ्या मिनिटाला लागला होता. तेव्हापासून ती थांबलेली नव्हती. भंडाऱ्याहून स्कूटीवर येणाऱ्या कुसुमताईंनी हे हेरलं. शेतकऱ्यांच्या घरच्या बोड्या पुन्हा जिवंत करायला मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम त्या बघत. त्यांनी रक्षाला 'गावमित्र' केलं आणि गळ्यात लटकवायचं ओळखपत्र दिलं. ते ती दूध आणायला जातानाही घालायची.

श्यामरावांची बोडी म्हणजे त्यांच्या आजोबांनी शेताच्या उताराला मातीची पाळ घालून अडवलेलं घरचं तळं. आता त्याला तळं म्हणायला जीभ अडखळेल अशी गत होती. काठापासून पार मध्यापर्यंत बेशरम माजली होती. ही झुडपं कापली तर वाढतात, उपटून फेकली तर फेकल्या जागी रुजतात. नाव ठेवणाऱ्याला फार विचार करावा लागला नसणार. दिवाळीपुढं मधल्या डबक्यापुरतंच पाणी उरत होतं. म्हणून सोमवारी तुमसरच्या मोतीलालसेठची जेसीबी येणार, पाळ फोडून बोडी बुजवणार आणि तिथं धानाची एक बांधी वाढणार, असं ठरलं होतं. आज शुक्रवार होता.

बेशरम मुळासकट काढायची, गाळ उपसायचा, पाण्यात वाढणारं देवधान, शिंगाडा, कमळ पुन्हा लावायचं, हे सगळं संस्था करून देणार होती. मालकाची फक्त एक सही हवी होती. रक्षाला ती सोमवारच्या आत हवी होती, कारण जानेवारीत त्याच बोडीच्या उरल्यासुरल्या पाण्यात तिनं कुसुमताईंच्या दुर्बिणीतून अकरा अडया पाहिल्या होत्या. ही शीळ घालणारी लहान तपकिरी बदकं. मोजताना हलत होती, म्हणून तिनं तीनदा मोजली. अकराच भरली. पुढच्या जानेवारीत ती येतील आणि खाली धानाची बांधी बघून वरच्या वर परत जातील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

पण 'अधिवास' हा शब्द चुकीच्या घरात आला होता.

दोन वर्षांपूर्वी श्यामरावांच्या रीनाला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी अधिवासाचा दाखला लागत होता. बापलेक या खिडकीवरून त्या खिडकीवर सात वेळा जाऊन आले. पंधरा वर्षं इथंच राहता याचा पुरावा द्या. पुरावा दिला तर त्यावरचं नाव ऱ्हस्व आणि शाळेच्या दाखल्यावरचं दीर्घ. ते सरळ केलं तर साहेब रजेवर. शेवटी दाखला आला तेव्हा प्रवेशाची तारीख जाऊन चार दिवस झाले होते. रीना आता तुमसरला बी.ए. करते. बी.ए. पण चांगलं असतं, असं ती सांगते. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगते.

"पंधरा वर्साचा रहिवास दाखवा, म्हने," श्यामराव म्हणाले. "सात पिढ्या याच मातीत गेल्या आमच्या, तरी लाईट बिल दाखवा, म्हने. या पाखराइनं काय दाखवलं?"

अधिवास म्हणजे इथं दाखला नव्हे, राहायची जागा, एवढं सांगून रक्षाला मोकळं होता आलं असतं. पण तिच्या तोंडात स्नेहसंमेलनातलं सहावं मिनिट तयार होतं.

"पाखराइचा बी हक्क आहे ना, मोठेबाबा."

श्यामरावांनी फॉर्मची चौघडी केली आणि बंडीच्या खिशात घातली. मग त्यांनी रक्षाला, शाळेत शिकवत नाहीत अशी एक गोष्ट शिकवली. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, 'इतर हक्क' नावाचा. जमीन ज्याची नाही पण पाय ज्याचा तिच्यात अडकलेला आहे, त्याचं नाव तिथं चढतं. बँक असते, विहिरीतला वाटेकरी असतो, कुणाचं जुनं कूळ असतं. चढायला एक दिवस पुरतो. उतरवायला बापाचा जन्म जातो, तरी पोराला तारखा उरतात.

"उद्या इतर हक्कात सारस चढला, तं उतरवाले कोन जाईल? तू?"

रक्षा घरी जाईपर्यंत ओळखपत्र तिच्या पाठीवर गेलं होतं. तिनं ते पुढं घेतलं नाही.

संध्याकाळी श्यामरावांनी हा मामला देवाजींपुढं मांडला. देवाजींनी तीस वर्षं गावची कोतवाली केली होती. दवंडी देता देता सरकारातले सगळे शब्द त्यांच्यापाशी जमा झाले होते. अर्थ सगळ्यांचे आले नव्हते, पण त्यानं त्यांचं कधी अडलं नाही. त्यांनी फॉर्म हुंगल्यासारखा डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला. आधी पाखरू येतं. पाखरामागून बोर्ड येतो, बोर्डामागून तार, आणि तारेमागून खाकीतला एक माणूस येतो, जो तुम्हाला तुमच्याच शेतात विचारतो की इथं कायले आले.

शनिवारी चक्कीवर बातमी पोचली ती अशी, की श्यामरावांच्या सातबाऱ्यावर सारस चढला. पानठेल्यापर्यंत जाताना तिला त्याची चार पिल्लं वारसदार म्हणून चिकटली. खरं म्हणजे त्या बोडीवर सारस दिसल्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. तो होता फक्त फॉर्मच्या कोपऱ्यात. तरी दोघा जणांनी, आपण त्याला सकाळीच तलाठ्याच्या रस्त्यानं जाताना पाहिलं, असं सांगितलं. पाखरांना राशन कोणत्या कार्डावर मिळणार, पिवळ्या की केशरी, असंही रक्षाच्या आईला एकीनं विचारलं. आईनं घरी येऊन दळणाचा डबा ठेवला आणि एवढंच म्हटलं, की निदान चक्कीवर जाताना तरी ते गळ्यातलं काढून जात जा.

रविवारी कुसुमताई आल्या. रक्षानं त्यांना सगळं सांगितलं. 'हक्क' हा शब्द आपणच काढला हेही, जरा खालच्या आवाजात. कुसुमताई इतक्या हसल्या की त्यांना स्कूटी स्टँडवर लावावी लागली. मग हसणं थांबलं. 'अधिवास' त्यांनीच एका अहवालातून उचलून फॉर्मात टाकला होता.

"फॉर्म आपलाच आहे, सरकारी थोडीच आहे," त्या म्हणाल्या. "शब्द बदलून टाकू. चल."

हे काम पाच मिनिटांचं वाटलं होतं.

श्यामरावांच्या ओसरीत देवाजी आधीच येऊन बसले होते, तज्ज्ञ म्हणून. श्यामरावांच्या पत्नी चंद्रकलाबाई खांबाला टेकून सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. फॉर्म मधोमध ठेवला गेला, आणि कुसुमताई एकेक शब्द पुढं करू लागल्या, जसं नव्या सुनेनं एकेक पदार्थ वाढावा आणि सासरच्यांनी एकेक नाकारावा.

निवासस्थान? ते कलेक्टरचं असतं, देवाजी म्हणाले, आणि त्याला फाटक असतं. आश्रयस्थान? तो अभयारण्याचा लहान भाऊ. आज हा आला की उद्या मोठा येतो. वसाहत? म्हणजे प्लॉट पडणार. कुसुमताईंच्या तोंडून चुकून पुनर्वसन निघालं. श्यामरावांच्या बहिणीचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं.

"तो नोका," श्यामराव हलकेच म्हणाले.

रक्षानं साधं 'घर' सुचवलं. घराला नंबर येतो आणि नंबराला टॅक्स, असं श्यामरावांनी दाखवून दिलं. बिऱ्हाड म्हटलं तर बिऱ्हाड म्हणजे भाडेकरू, आणि भाडेकरूचं कूळ कधी होतं हे मालकाला शेवटी कळतं. कुसुमताईंनी मोबाइलमध्ये शब्दकोश उघडला, बराच वेळ वाचला आणि बंद केला. कुठल्या ना कुठल्या ऑफिसानं आधी वापरून ठेवला नाही असा शब्द मराठीत उरला नसावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांनी शब्द सोडून दिले आणि सरळ सांगितलं. बोडी तुमची, पाळ तुमची, सातबारा तुमचा. पाखरं येतील, राहतील, जातील.

"ते मले समजत नाही का, ताई?" श्यामराव म्हणाले. "लहानपनापासून येऊनच राहिले ते. मी कवा हाकललं? माही माय देवधान झोडाले पान्यात उतरे, तं दोन सारस बाजूले उभे राहत. हाटत बी नाही. मायच म्हने, सरका गा जरासे." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "मी इचारून राहिलो, कागदावर कायले लिहाचं?"

"मंग बुजवता काहून?" रक्षानं विचारलं. चार महिन्यांत तिनं उच्चारलेलं ते सगळ्यात लहान वाक्य होतं.

"बेशरमीनं खाल्ली ना बोडी. आता कोन येते तिथं?"

"अकरा अडया आल्या होत्या. जानेवारीत."

"अकरा?"

"तीनदा मोजल्या."

श्यामरावांनी बोडीच्या दिशेनं पाहिलं. मध्ये भिंत होती, तरी पाहिलं.

"माहेर लिव्हा," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

त्या इतका वेळ बोलल्या नव्हत्या, त्यामुळं आवाज कुठून आला हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. त्यांची नजर सुपातच होती.

"माहेर," त्यांनी पुन्हा सांगितलं. "येतेत, चार दिस राह्यतेत, खातेपितेत. बाळंतपन करतेत. आन आपल्या घरी जातेत."

देवाजी सवयीनं पुढं झुकले. "आन सातबाऱ्यावर नाव?"

"माहेरी येनाऱ्या बाईचं नाव राह्यते का, भाऊजी, कोन्या सातबाऱ्यावर?" चंद्रकलाबाईंनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "राह्यलंच, तं हक्कसोड करून घेतेत."

डाळीचा भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. सूप पुन्हा हलू लागलं. देवाजी मागं सरकले आणि आपल्या चपला कुठं आहेत ते शोधू लागले. हक्कसोडीच्या कागदांसाठी बहिणींना घरोघरी निरोप देणं हेही त्यांच्या तीस वर्षांत येऊन गेलं होतं.

श्यामराव फॉर्मकडं बघत राहिले. एकोणीस वर्षांपूर्वीची राखी त्यांना आठवली असावी. चंद्रकलाबाईंच्या भावांनी ताटाशेजारी एक लुगडं ठेवलं होतं आणि लुगड्यावर एक कागद. पंगतीत श्यामराव त्यांच्या बाजूलाच बसले होते. बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, सही कर व लवकर, भात थंडा होऊन राहिला.

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. काही बोलणार तोच खिशातला फोन वाजला. मोतीलालसेठचा होता. श्यामरावांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळं उद्या मशीन सहाला पाठवू की सातला, हे सगळ्या ओसरीनं ऐकलं.

"नोका पाठवू, सेठ."

काहून, असं पलीकडून आलं. बिचाऱ्यानं ड्रायव्हरलाही सांगून ठेवलं होतं.

श्यामराव अडखळले. कारण त्यांच्यापाशी होतं, पण त्यांनी ते याआधी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"पोरी येऊन राहिल्या माहेराले."

अस्सं, मोतीलालसेठ म्हणाले. मग त्यांना रीना आठवली, आणि श्यामरावांना तर एकच मुलगी, तीही बिनलग्नाची, हेही आठवलं असावं. तुम्हाला पोरी किती, असं त्यांनी अदबीनं विचारलं.

श्यामरावांनी रक्षाकडं पाहिलं. रक्षानं दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली आणि वर एक.

"अकरा," श्यामराव म्हणाले.

 मग मोतीलालसेठनी जपून अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.

कुसुमताई पदर तोंडाला लावून अंगणात गेल्या आणि थोड्या वेळानं डोळे पुसत परत आल्या. फॉर्मात 'अधिवास' सात ठिकाणी होता. त्यांनी सातही ठिकाणी रेघ मारून वर 'माहेर' लिहिलं, आणि प्रत्येक रेघेशेजारी श्यामरावांनी आपलं अक्षर टाकलं, कारण खाडाखोड झाली की शेजारी सही लागते हे त्यांना दाखल्याच्या वेळी चांगलंच कळलं होतं. वरचं नाव आता 'जलपक्षी माहेर पुनर्स्थापना कार्यक्रम' असं झालं. देवाजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावली.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "कोन्या ऑफिसात कोनाले समजनार नाही."

त्यांच्या तोंडून याहून मोठी हमी कधी कुणाला मिळाली नव्हती. श्यामरावांनी खाली सही केली. रक्षाला टाळी वाजवावीशी वाटली. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

चंद्रकलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हाताची भुकटी झटकली.

"माही सही लागते का?"

कुसुमताईंनी फॉर्म पाहिला. जमीन एकट्या श्यामरावांच्या नावावर होती.

"नाही लागत, काकू. मालकाची झाली ना, पुरे."

त्या बरं म्हणून उठू लागल्या. श्यामरावांनी पेनाचं टोपण लावलं नव्हतं.

"लागते," ते म्हणाले.

 फॉर्मात दुसऱ्या सहीला जागा नव्हती. श्यामरावांनी तो गुडघ्यावर घेतला, आपल्या नावाच्या खाली अंगठ्यानं दाबून थोडी जागा सपाट केल्यासारखं केलं आणि कागद बायकोपुढं सरकवला. तिच्याकडं मात्र पाहिलं नाही.

चंद्रकलाबाई परत बसल्या. पेन घेतलं, त्याचं टोक पाहिलं. मग त्यांनी कागद उचलून रक्षाच्या हातात दिला.

"वाच व, बाई, पयले," त्या म्हणाल्या. "मांगच्या खेपेस मी न वाचताच केली होती."

रक्षानं घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून, सावकाश, वाचायला सुरुवात केली.